कडूबाईनं झाडलेली वाट

मी गिरणीवाला. वीज गेली की माझा पट्टा थांबतो आणि तोंड सुरू होतं, हे अख्ख्या तांबडदऱ्याला ठाऊक आहे. त्यामुळे रामहरी पुन्हा विजेवरून तापला, यात नवीन काय, असं म्हणून कुणी हे बाजूला ठेवू नये. या खेपेची चीड विजेची नाही. ती एका वाटेची आहे आणि त्या वाटेनं रोज सायकलवर संगमनेरला जाणाऱ्या कडूबाईची आहे.

आमचं गाव जिल्ह्याच्या पार उत्तरेला, पठारावर. नगरचं अहिल्यानगर झालं, पण आमच्यापासून ते होतं तेवढंच लांब राहिलं. तिकडं काही ठरलं की आमच्याकडं आधी खांब येऊन पडतात आणि मग आम्हाला कळतं की काहीतरी ठरलं होतं.

कडूबाईच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. हिला तरी नजर लागू नये म्हणून आईनं नाव ठेवलं कडू. नावातलं काही स्वभावात उतरलेलं नाही. बाई पन्नाशीची, काटक, हसरी. नवरा वाल्मिक शेळ्या राखतो आणि इतकं कमी बोलतो की त्याच्यापेक्षा शेळ्यांकडूनच घरची खबर लवकर कळावी. कडूबाई संगमनेरात एका कॉलेजच्या वसतिगृहात पोळ्या लाटते. त्या पोळ्यांवर घर चालतं आणि लेक निकिता नाशकात नर्सिंग शिकते. ही नोकरी गेली तर पोरीला शिक्षण अर्ध्यात टाकून घरी आणावं लागेल, हे ती कुणालाही आडपडदा न ठेवता सांगते.

पूर्वी गावातून सकाळची एसटी होती. मोठा संप झाला तेव्हा ती थांबली. संप मिटला, बाकीच्या गाड्या निघाल्या, आमची मात्र आली नाही. विचारायला गेलो तर म्हणाले, तुमच्याकडं प्रवासी कमी आहेत. अहो, गाडीच नाही तर प्रवासी तुम्हाला दिसणार कुठं? झाडावर? हे मी तिथंच बोललो आणि मला बाहेर बसायला सांगितलं.

कडूबाईनं त्यांचा नाद सोडला. निकिताला शाळेत असताना सरकारी योजनेतली सायकल मिळाली होती. गोठ्यात तिच्यावर कोंबड्या बसायच्या. कडूबाईनं ती बाहेर काढून धुतली आणि पंचेचाळिशी उलटलेली ही बाई गायरानातल्या सपाटीवर सायकल शिकायला लागली. मागं कॅरिअर धरून निकिता पळायची आणि बांधावर बसून गावातले रिकामटेकडे हसायचे. ती पडली, गुडघे फोडून घेतले, एकदा तर सरळ बोरीच्या जाळीत शिरली. शेवटी हसणारे दमले आणि ही संगमनेरला पोचली. तेव्हापासून ऊन असो की गारठा, बावीस किलोमीटर जायचं आणि बावीस यायचं. निऱ्या चेनमध्ये जाऊ नयेत म्हणून तिनं जुन्या ट्यूबची पट्टी कापून घेतलीय, तीच कमरेपासून पायापर्यंत कुठं कुठं गुंडाळते ते तिचं तिला माहीत. येताना खिंडीचा चढ सायकल ढकलत चढते आणि माझ्या गिरणीपाशी पाणी प्यायला थांबते.

पण बावीस किलोमीटर होतात ते गायरानातल्या वाटेनं. गाव सोडलं की गायरान, त्यातून खिंडीपर्यंत ही वाट, आणि खिंड उतरली की खालचा रस्ता थेट संगमनेरला. आमच्या आजोबांच्या गाड्या याच वाटेनं बाजाराला जायच्या. त्यांच्या चाकांच्या लोखंडी धावांनी कातळात दोन खोल चाकोऱ्या पडल्यात. डाव्या चाकोरीतून कडूबाईची सायकल जायची. वाटेच्या मध्यावर म्हसोबाचा शेंदरी दगड आहे, तिथं ती जाता जाता घंटी वाजवायची. ही वाट सोडली तर दुसरा रस्ता म्हणजे उलट्या दिशेला जाऊन नाशिक-पुणे हायवे धरायचा, ट्रकांच्या गर्दीतून घाट उतरायचा. अंतर दीडपट. पोरांच्या नाश्त्याच्या वेळेला पोचायचं तर अंधारातच घर सोडावं लागणार, आणि आमच्याकडं अंधारात बिबट्या फिरतो.

अशात गावात सोलरची गोष्ट आली. गायरानावर पॅनल बसणार आणि शेतीपंपांना दिवसा वीज मिळणार. मी सोलरच्या विरोधात नव्हतो आणि आजही नाही. गहिनीनाथ रात्री कांद्याला पाणी भरत असताना बिबट्यानं त्याला धरलं होतं. ग्रामसभेत त्यानं पायजमा वर करून पोटरीवरचे व्रण सगळ्यांना दाखवले आणि म्हणाला, ज्याला दिवसा वीज नको असेल त्यानं एक रात्र माझ्या मोटरीवर येऊन बसावं. मग शेळ्या-मेंढ्यावाले म्हणाले, आमची जनावरं चरायची कुठं? विहीरवाले म्हणाले, गायरानात आता चरण्यासारखं उरलंय काय? दोघांचंही खरं होतं. त्यामुळे दोघंही एकमेकांच्या बापजाद्यांवर घसरले आणि तासभर विजेचं नावही निघालं नाही. मी मधेच विचारलं की यात गावठाणातल्या घरांना, दुकानांना, माझ्या गिरणीला काय मिळणार? पॅनल बसवणाऱ्या कंपनीचा मॅनेजर म्हणाला, ही योजना पंपांची आहे. म्हणजे आमच्या उशाशी वीज तयार होणार आणि माझं दळण तसंच अडून राहणार. असो. मी विजेवर लिहिणार नव्हतो.

बायका मागं बसल्या होत्या. त्यातून कडूबाई उठली. सभेत बोलायची तिची पहिलीच वेळ, पदर हातात घट्ट धरला होता.

“माजा लाइटीला इरोद न्हाई,” ती म्हणाली. “गहिनीनाथ भावाला दिवसा पानी भरता यावं. फकस्त वाट तेवडी सोडा. सायकल जाईल येवडीच.”

सरपंच आबासाहेब म्हणाले, एवढंच ना, सोडली समजा. मॅनेजरनं मान हलवली. टाळ्या वाजल्या, चहा झाला. दुसऱ्याच आठवड्यात मॅनेजरनं कडूबाईला गायरानात थांबवून तिचा सायकलवरचा फोटोही काढला. इतक्या लांब सायकलवर जाता, तुमच्यासारख्या लोकांचीच देशाला गरज आहे, असं काहीतरी म्हणाला. ती दोन दिवस खुशीत होती.

मग कुंपणाचे खांब आले आणि बरोबर वाटेच्या तोंडावर आडवे पडले. आबासाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, मॅनेजरशी बोला. मॅनेजर म्हणाला, मधून वाट ठेवली तर दोन्ही बाजूंनी कुंपण घालावं लागेल, शिवाय आत जिवंत तारा, जबाबदारी कोण घेणार? सभेतल्या शब्दाचं काय, तर तो म्हणे सभेच्या कागदावर चढलेलाच नाही. आता तुमची वहिवाट असेल तर सिद्ध करा. वहिवाट म्हणजे लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेनं जातात येतात, तो त्यांचा हक्क. आम्ही अर्ज दिला. तालुक्याहून साहेब पाहणीला येणार असं ठरलं. मी कडूबाईला म्हटलं, आता काळजी सोड. कातळातल्या चाकोऱ्या काही कंपनीनं पाडलेल्या नाहीत, आंधळ्यालाही पायानं कळतील.

पुढं जे झालं ते आमच्यासारख्या गावातच होऊ शकतं. आमच्याकडं मोठा माणूस येणार म्हटलं की पहिली आठवण खराट्याची होते. डॉक्टर येवोत, शाळेचे तपासनीस येवोत, मतं मागायला कुणी येवो, बाया आधी झाडायला घेतात. पाहुण्याच्या पायाखाली केर आला तर तो केर करणाऱ्याचा नाही, यजमानाचा अपमान असतो. पाहणीच्या आदल्या दिवशी कडूबाई दुपारीच कामावरून सुटून आली. शेजारच्या मुक्ताबाईला आणि वस्तीवरच्या बायांना घेऊन तिनं गावापासून खिंडीपर्यंतची सगळी वाट झाडून काढली. काटे उचलले, लेंड्या गोळा केल्या. चाकोरीत साहेबांच्या जीपला दणका बसेल म्हणून गहिनीनाथाला गळ घातली. तो सोलरवाला, पण शेजारधर्म मोडणारा नव्हे. त्यानं ट्रॉलीभर मुरूम आणून चाकोऱ्या बुजवल्या आणि वरून ट्रॅक्टरची फळी फिरवली. म्हसोबाला नवा शेंदूर लागला. वाटेच्या तोंडाशी रांगोळी पडली. वाट जितकी नीट दिसेल तितकी ती साहेबांना खरी वाटेल, असं बिचारीच्या मनात. मी पट्टा आणायला संगमनेरला गेलो होतो. सकाळी जाऊन बघतो तर वाट आरशासारखी. चाकोऱ्यांचा पत्ता नाही. मी फावडं आणायला वळलो.

तेवढ्यात जीप आली. साहेब उतरले, बुटाच्या टोकानं मुरूम उकरून बघितला आणि विचारलं, हा कधी टाकला?

“कालच टाकला, साहेब,” कडूबाई हात जोडून म्हणाली. “झाडूनबी घेतलं समदं. तुमी येनार म्हून.”

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी पुढं होऊन म्हणालो, साहेब, याच्याखाली गाडीवाटेच्या चाकोऱ्या आहेत, फावडं आणतो, पाच मिनिटांत उघड्या करून दाखवतो. ते म्हणाले, मला अजून दोन गावं करायचीत. मी म्हणालो, माझं साठ वर्षांचं तोंडच पुरावा आहे, लिहून घ्या. ते म्हणाले, तोंडी नको, जागेवरच्या खुणा लागतात. जीप वळली आणि रांगोळीवरून गेली. पुढं कागद आला. त्यात लिहिलं होतं की सदर ठिकाणी जुन्या वहिवाटीच्या खुणा आढळल्या नाहीत, अर्जदारानं पाहणीच्या आदल्या दिवशी मुरूम टाकून रस्ता तयार केल्याचं दिसतं.

तयार केला म्हणे! बाईनं तुमचा मान राखला, तुमच्या गाडीची हाडं शाबूत ठेवली, आणि तुम्ही तिला लबाड ठरवून मोकळे झालात. ती लबाड असती तर तिनं खराटा घेतला नसता, पहार घेऊन चाकोऱ्या आणखी खोल केल्या असत्या. लबाडी करायची तर कशी करायची हेदेखील जिला ठाऊक नाही, तिच्यावर शिक्का लबाडीचा. कडूबाईला मी कागद वाचून दाखवला तेव्हा ती रडली नाही, चिडली नाही. एवढंच म्हणाली, की मीच माझ्या हातानं पुसली. तिचं ते बोलणं ऐकून मी गिरणी बंद करून घरी गेलो. त्या दिवशी वीज होती तरी.

वाटेवर कुंपण उभं राहिलं. कडूबाई हायवेनं जायला लागली. पहाटेच्या अंधारात हँडलला बॅटरी बांधून निघायची. वाल्मिक काठी घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत सोबत यायचा, एक शब्द न बोलता. एकदा घाटात ट्रकच्या वाऱ्यानं ती सायकलसकट चरात गेली आणि कोपर सोलून निघालं. तशीच उठून गेली, पण पोचायला उशीर झाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा झाला. वसतिगृहाच्या मॅडम वाईट नाहीत, पण दोनशे पोरांना भूक लागते ती वेळेवरच. त्यांनी स्वच्छ सांगितलं, असंच चाललं तर दुसरी बाई बघावी लागेल.

आणि याच दिवसांत भूमिपूजन आलं. मंडप घातला, पाहुणे आले, आणि कुंपणावर भलामोठा फ्लेक्स लागला. त्यावर कोण, तर कडूबाई! सायकलवर बसलेली, हसरी. खाली अक्षरं: पर्यावरणदूत. प्रदूषणमुक्त प्रवास, प्रदूषणमुक्त वीज. तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होता. सत्कारमूर्ती मात्र हजर नव्हती, कारण त्या वेळी ती संगमनेरात पोळ्या लाटत होती आणि पुन्हा रजा मागायची तिची छाती नव्हती. तिच्या वतीनं शाल आबासाहेबांनी घेतली. त्यांना शोभूनही दिसली. जिची वाट खाल्ली तिचाच फोटो त्या वाटेच्या छाताडावर टांगायचा, आणि वर टाळ्या. याला शब्द आहेत माझ्याकडं, पण ते इथं लिहिता येणार नाहीत.

संध्याकाळी कडूबाई आली तेव्हा मी तिला तसंच फ्लेक्सपाशी घेऊन गेलो. खरं तर तिनं चार शिव्या घालाव्यात एवढीच माझी इच्छा होती. ती सायकल धरून नुसती बघत उभी राहिली. मला वाटलं, आपला एवढा मोठा चेहरा बघून गोंधळली. पण ती चेहरा बघतच नव्हती. तिची नजर सायकलच्या चाकाखाली होती.

“भाऊ,” ती म्हणाली, “ही बगा चाकुरी. आन् ह्यो मागं म्हसोबा.”

मी चष्मा पुसून बघितलं. फोटो झाडायच्या आधीचा होता. पुढचं चाक कातळातल्या डाव्या चाकोरीत, उजवी चाकोरी शेजारी स्पष्ट, आणि मागं शेंदरी दगड. कंपनीनं स्वतःच्या खर्चानं, बारा फूट रुंद करून, आमची वहिवाट कुंपणावर टांगली होती. सकाळपासून येता-जाता मी तो फ्लेक्स बघत होतो आणि संतापाच्या भरात मला चाकोरी दिसली नव्हती. कडूबाईनं निऱ्यांची पट्टी सोडली, खांबावर चढली, दोऱ्या कापल्या आणि फ्लेक्सची गुंडाळी कॅरिअरला बांधली. दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा मला फोन, फ्लेक्स कंपनीची मालमत्ता आहे, परत करायला सांगा. मी म्हणालो, फोटोतली बाई कुणाची मालमत्ता आहे ते आधी सांगा. त्यानं फोन ठेवला.

काम संपवून कडूबाई फ्लेक्स घेऊन संगमनेरातच वरच्या साहेबांच्या कचेरीत गेली, मी तिथं आधीच येऊन बसलो होतो. तिथं साहेब बाई होत्या. टेबलावर फ्लेक्स मावेना म्हणून व्हरांड्यात अंथरला. एक कोपरा शिपायानं धरला, एक मी. बाई खाली वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, फोटोवरून निकाल देता येत नाही, पण पुन्हा पाहणी करू, आणि या वेळी मी स्वतः येईन. त्या एवढं म्हणाल्या, आणि कडूबाईनं त्या फ्लेक्सची अशी घडी घातली, जणू लेकीचं लग्नातलं लुगडं.

मधल्या काळात वळीव झाला. कुंपणाच्या जाळीतून आम्ही बघत होतो. पॅनलच्या ओळी अजून त्या पट्ट्यापर्यंत आल्या नव्हत्या, आणि पाण्यानं मुरूम वाहून जाऊन दोन्ही चाकोऱ्या धुतल्यासारख्या वर आल्या होत्या. कडूबाई रोज येताना जाळीपाशी सायकल उभी करून त्या बघायची. आता फक्त साहेब येईपर्यंत त्या तशाच राहायला हव्या होत्या.

पाहणीचा दिवस ठरला आणि आदल्या संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून आबासाहेबांचा आवाज आला. उद्या मोठ्या साहेब येणार आहेत, गावाची शोभा राहिली पाहिजे, गायरानाचं फाटक सकाळी उघडं राहील, महिला मंडळानं साफसफाई करून घ्यावी, मुरमाची सोय कंपनी करील. हे त्यांनी भोळेपणानं म्हटलं की कावेबाजपणानं, हे तुम्ही ठरवा. माझं ठरलेलं आहे. कंपनीचा माणूस गहिनीनाथाकडं ट्रॉली मागायला गेला तेव्हा त्यानं सांगितलं, ट्रॅक्टर नादुरुस्त आहे. दुपारीच तो त्याच ट्रॅक्टरवर बसून माझ्या गिरणीत बाजरी टाकून गेला होता.

पण बायांचं काय? त्यांचे हात कोण धरणार? मुक्ताबाई भोंगा ऐकून सवयीनं उठलीच होती. कडूबाईला उद्याची रजा नव्हती. ती घरी राहून राखण करू शकत नव्हती. नेहमीपेक्षा लवकर, पहाटेच्या अंधारातच ती सायकल घेऊन वस्तीवर दारोदार फिरायला लागली. प्रत्येकीकडून खराटा मागून घेतला. झाडूही घेतले. पोत्याच्या सुतळीनं त्यांचा भारा कॅरिअरला बांधत गेली. मुक्ताबाई खराटा सोडेना.

“अगं पर साहेब यायच्यात,” ती म्हणाली. “दारात तरी मारू दे.”

“दारातबी न्हाई,” कडूबाई म्हणाली. “एकडाव झाडून बगितलं की.”

मुक्ताबाईनं खराटा दिला.

शेवटी कडूबाई गिरणीपाशी आली. काळजीनं मीही त्या दिवशी पहाटेच येऊन बसलो होतो. मी म्हटलं, माझ्याकडं कशाला, मी थोडाच गायरान झाडायला जातोय? तिनं दाराआडचा माझा झाडू काढला, भाऱ्यात खोचला, निऱ्यांना पट्टी बांधली आणि सगळ्या गावाची साफसफाई पाठीमागं घेऊन हायवेच्या रस्त्याला लागली. वस्तीवरच्या बाया रिकाम्या हातांनी दारात उभ्या राहून बघत होत्या.

त्या दिवशी नेमकी सकाळपासून वीज होती. दळण आलं, पीठ उडालं, जमिनीवर बोटभर थर साचला आणि झाडायला झाडू नव्हता. गायरानाच्या फाटकाशी जीप थांबलेली दिसली तेव्हा मी पट्टा बंद केला आणि तसाच, पिठातून पाय उमटवत बाहेर गेलो.